ताज्या रंगाची पलटण

"आता तरी पळा रे बाबांनो," नेव्हिल काकुळतीला येऊन म्हणाला आणि त्याने फासा टाकला. सहा पडला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोटाच्या पेराएवढे दोन डझन शिपाई पांढरे डगले घालून छाती काढून उभे होते. आधी रोमन सैन्य अंगावर आलं, ते त्यांनी परतवलं. मग क्लिफर्डने खोक्यातून हत्ती काढले. हत्तीही शेपूट घालून मागे फिरले.

"मी लावलेले हत्ती कधी माघार घेत नाहीत," क्लिफर्ड दुखावून म्हणाला.

ओव्हनपाशी उभी असलेली ब्रेंडा वळली. "मला टेबल हवंय. रविवारचं जेवण आहे आज."

"हे पळाले की उठतोच," नेव्हिल म्हणाला.

"अरे, पण जिंकतायत ना तुझे? मग सुतकी तोंड कशाला?"

पंचवीस वर्षांच्या संसारानंतरही तिला हे समजावून सांगावं लागतं, याचं नेव्हिलला वाईट वाटलं. शिशाच्या शिपायांच्या लढाया खेळणाऱ्या यॉर्कशरमधल्या त्यांच्या त्या छोट्या क्लबात देवावर श्रद्धा नसलेले बरेच जण होते, पण हा खेळ खेळणाऱ्या सगळ्यांप्रमाणे एका गोष्टीवर त्यांचीही श्रद्धा होती. नवी रंगवलेली पलटण पहिल्या लढाईत पळते म्हणजे पळतेच. रंग जितका सुंदर, तितकी ती लवकर पळते. एकदा पळून झाली की मात्र नीट लढायला लागते.

आणि ही पलटण क्लबातल्या त्यांच्या जुन्या मित्राची, आर्नल्डची होती. १६४४ साली इंग्लंडच्या यादवीत, मार्स्टन मूरच्या लढाईत राजाची सगळी फौज उधळली, तेव्हा हे पांढरे डगलेवाले तेवढे जागचे हलले नाहीत, तिथेच उभे राहून मेले. आर्नल्डने आजारपणात, थरथरत्या हाताने या चिमुकल्या शिपायांची शेवटची बटणं रंगवली आणि ईस्टरच्या सुमारास तो गेला. आता येत्या शनिवारी प्रदर्शनात क्लबची मार्स्टन मूर मांडायची होती आणि ती बघायला आर्नल्डची बायको ऑड्री येणार होती. लोकांसमोर, ऑड्रीसमोर, आर्नल्डची पलटण पहिल्याच फाशाला पळाली तर? नेव्हिलला नुसत्या विचाराने घाम फुटायचा. म्हणून जे काय पळायचं ते आधी घरीच पळून घ्या, अशी ही योजना होती.

"ब्रेंडा, तूच टाक फासा," तो शेवटी म्हणाला. "एक किंवा दोन पडले की पळाले."

"माझ्या हातात ग्रेव्ही आहे."

"दुसऱ्या हाताने टाक ना!"

तिने वैतागून फासा भिरकावला. एक पडला. दोघं म्हातारे लहान पोरांसारखे ओरडत उठले, नेव्हिलचं कोपर ब्रेंडाच्या हाताला लागलं, आणि गरमागरम तपकिरी ग्रेव्ही थेट पलटणीवर सांडली.

साबणाने धुतलं, ब्रशने घासलं, डाग हटेनात. पांढऱ्या डगल्यांची पलटण तपकिरी डगल्यांची झाली. मग आठवडाभर भिंग डोळ्याला लावून नेव्हिलने एकेक डगला पुन्हा पांढरा केला. शनिवारी सकाळी गाडीत बसताना क्लिफर्डने हळूच विचारलं, "म्हणजे आता रंग..."

"ताजा," नेव्हिल म्हणाला.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये त्यांचं टेबल खरोखर देखणं दिसत होतं. माळरान, खंदक, कुंपणं, सगळं जागच्या जागी. एक दाढीवाले गृहस्थ सकाळपासून तिथेच ठाण मांडून चुका काढत होते. "घोड्यांचे लगाम चुकलेत," ते म्हणाले. "आणि जुलैत गवत इतकं हिरवं नसतं." अशी माणसं प्रत्येक प्रदर्शनात असतात.

दुपारी ऑड्री आली. आर्नल्ड ज्यात शिपाई ठेवायचा तो बिस्किटांचा डबा तिने उराशी धरला होता. नेव्हिलने तिला खुर्ची दिली आणि फासा टाकला. पाच. पलटण टिकली. क्लिफर्डने घोडदळ घातलं. पुन्हा टिकली. तिसऱ्यांदाही टिकली. नेव्हिलला आनंदाने रडू यायचं बाकी राहिलं.

"हे आडवे का ठेवतोयस?" ऑड्रीने विचारलं.

"ते पडले. पण बघ, एकही पळाला नाही! आर्नल्डची पलटण आहे, उगीच नाही!"

"मग सगळे पडेपर्यंत हे असंच?"

"असंच. शेवटच्या माणसापर्यंत."

ऑड्रीने टेबलाकडे पाहिलं. सहाच शिपाई उभे होते.

"तोही असाच टिकून राहिला," ती म्हणाली. "हॉस्पिटलात. सगळे म्हणायचे, काय हिंमत आहे म्हाताऱ्याची! मला बघवत नव्हतं रे. शेवटी मीच त्याच्या कानाशी म्हटलं, जा आता, पुरे झालं." तिने डब्याचं झाकण उघडलं. आत आर्नल्डचा जुना बनियन घडी करून अंथरला होता. "यांना कोणी जा म्हणत नाही का, नेव्हिल?"

नेव्हिलने क्लिफर्डकडे पाहिलं. फाशाचा एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर आठवडाभर न बोलणारा क्लिफर्ड एकाएकी छताचे दिवे मोजायला लागला.

मग त्याने फासा टाकला आणि तो थांबायच्या आत त्यावर पंजा ठेवला. बोटांच्या फटीतून बघितलं. चार होते.

"एक पडला," तो म्हणाला. "पळाले."

"पळाले?" दाढीवाले गृहस्थ चवताळले. "अहो, ही पलटण इथेच मेली! हा इतिहास आहे! बघू तो फासा!"

नेव्हिलने पंजा उचलला नाही. गृहस्थांनी तो स्वतःच बाजूला सारला, चष्मा सावरून खाली वाकले, आणि वाकलेले असतानाच त्यांची नजर पलीकडे गेली. ऑड्री ते सहा शिपाई एकेक करून बनियनवर निजवत होती.

गृहस्थ सरळ झाले. त्यांनी फासा बोटाने हळूच एका कुशीवर कलंडवला.

"एकच आहे," ते म्हणाले. "रंग ताजा असणार."

"कालच वाळलाय," नेव्हिल म्हणाला.

"मग पळणारच," गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, आणि आडवे पडलेले शिपाईही उचलून त्यांनी ऑड्रीच्या हातात द्यायला सुरुवात केली.