राजाभाऊंची योग्य वेळ

ऑस्ट्रेलियाला कायमचं जायचं, हे राजाभाऊंनी ठरवलं त्याला बरीच वर्षं झाली. अर्ज कधी करायचा, एवढंच ठरायचं बाकी होतं.

तसं पाहिलं तर साधी बाब. कुशल कामाच्या अनुभवावर पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना मिळतो. अनुभव वाढला की गुण वाढतात आणि वय वाढलं की कमी होतात. म्हणजे थांबावं तर वय आडवं येतं, घाई करावी तर अनुभव तोकडा पडतो. राजाभाऊ शारजातल्या एका इंटिरियर कंपनीत एस्टिमेटर होते. कुणाच्याही फॉल्स सीलिंगला किती स्क्रू लागतील, हे ते खुर्चीतून न उठता सांगत. (स्वतःच्या बाबतीत ते खुर्चीतून उठतही नसत आणि काही सांगतही नसत.)

यंदा मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. जानेवारीत पंचेचाळीस पूर्ण, आणि पंचेचाळीस झाली की दार बंद. अनुभवाचे वाढीव गुण मिळणार दिवाळीनंतर. त्याआधी करावं म्हटलं तर गणपतीत वेळ नाही, आणि पितृपक्षात असली कामं कोण करतं? त्यातच ऑफिसात चीफ एस्टिमेटरची जागा रिकामी झाली होती. मालक हमीदभाई ती राजाभाऊंना देतात की त्यांच्या हाताखालच्या शार्दूलला, हे कळायचं होतं. हा माणूस देश सोडून निघालाय अशी कुणकुण जरी हमीदभाईंना लागली, तरी ती खुर्ची गेलीच म्हणून समजा.

"मृणालिनी, तुला काय वाटतं? दिवाळीआधी की दिवाळीनंतर?" राजाभाऊंनी बायकोला विचारलं. ती दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका शाळेत गणित शिकवायची आणि घरी कायम पेपर तपासत असायची.

"तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा," ती मान वर न करता म्हणाली.

हे उत्तर ती गेली कित्येक वर्षं देत होती. शेवटी राजाभाऊंनी फक्त एकाच माणसाचा सल्ला घ्यायचं ठरवलं. महाराष्ट्र मंडळातले चारुदत्त. त्यांचा मेव्हणा मेलबर्नला होता.

"कुणाला बोलू नका," राजाभाऊ म्हणाले.

"माझ्या पोटातून शब्द बाहेर पडायचा नाही," चारुदत्तांनी त्यांचा हात दाबला. मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्या फ्रिजचं काय ठरलंय?"

आखातात कुणी जायला निघालं की कुठे आणि का हे लोक नंतर विचारतात, आधी फ्रिज विचारतात. इथे प्रत्येकाच्या घरातला निम्मा संसार परत गेलेल्या कुणाचा तरी असतो. राजाभाऊ ज्या सोफ्यावर बसून हे बोलत होते, तो कोचीला परतलेल्या एका शेजाऱ्याचा होता, आणि तो त्यांनी त्या शेजाऱ्याच्या बायकोचं रडणं थांबायच्या आत बुक केला होता.

दुसऱ्या दिवशी चारुदत्तांच्या बायकोने फोनवरून फ्रिज बुक केला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे अक्रम मोजपट्टी घेऊन दारात उभे.

"कपाट बघायचा होता," अक्रम म्हणाले. ते मूळचे श्रीवर्धनचे. "ऑस्ट्रेलियाला काय कपाट नेणार तुम्ही?"

"अहो, अजून काहीच ठरलं नाही."

"ठरंल, इन्शाल्ला. जरा तेवढं टोक धरा."

राजाभाऊंनी टोक धरलं. (समोरच्याला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. लग्नसुद्धा तसंच ठरलं होतं.) आपल्याच कपाटाची उंची त्यांनी आपणच मोजून दिली. तेवढ्यात मृणालिनी आतून आली आणि शांतपणे म्हणाली, "कपाट तुमचंच, अक्रमभाई. पण मार्चनंतर. सृष्टीची बोर्डाची परीक्षा होऊ दे."

अक्रम गेल्यावर राजाभाऊ तिच्यावर घसरले. "अगं, अजून अर्जाचा पत्ता नाही आणि तू तारखा काय वाटत सुटलीस? उद्या हमीदभाईंच्या कानावर गेलं तर?"

"तुमचं चालू द्या," मृणालिनी म्हणाली आणि पुन्हा पेपर तपासायला बसली.

हमीदभाईंच्या कानावर जायला उद्याची दुपार उजाडली. त्यांनी राजाभाऊंना केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि चहा मागवला. दार लावून चहा म्हणजे प्रकरण गंभीर, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

"राजाभाऊ, एक विचारतो. खरं सांगायचं."

"विचारा ना."

"घरघंटी कुणाला दिली तर नाही ना? आमची मरियमबी कालपासून डोकं खातेय. म्हणते, सगळं जाईल लोकांकडे आणि तुम्ही बसाल बघत."

राजाभाऊंनी कप खाली ठेवला.

"मला आधी सांगायला हवं होतं," हमीदभाई पुढे म्हणाले. "पण ठीक आहे, हबीबी. पोरीच्या भविष्याचा सवाल आहे. मी शार्दूलला चीफ करतो. तुम्ही आरामात जा."

आणि मग राजाभाऊंनी आयुष्यात प्रथमच एका क्षणात निर्णय घेतला.

"जाणार? कोण, मी? हमीदभाई, मी कुठेही जात नाही. अर्जच केला नाही. करणारही नाही. आईची शपथ."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग खलास. चीफ तुम्ही."

राजाभाऊ घरी येताना पेढे घेऊन आले. खरं सांगायचं तर इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. दिवाळीआधी की नंतर, हा प्रश्नच मिटला होता. जेवायला बसल्यावर त्यांनी घसा खाकरला. "मी निर्णय घेतलाय."

सृष्टीने एका कानातला इअरफोन काढला. "सीरियसली?"

"मी अर्ज करणार नाही. कधीच. हमीदभाईंना तसा शब्द दिलाय. मी चीफ झालो."

"अभिनंदन," मृणालिनीने त्यांच्या पानात भात वाढला. "आणि अर्ज नकाच करू. मी केलाय."

राजाभाऊंनी विचारलं, "कशाचा?"

"पीआरचा. माझ्या नावावर. मी तुमच्याहून सहा वर्षांनी लहान आहे, आणि गणिताच्या शिक्षकांची त्यांना गरज आहे. आता होतच आलाय."

"केलास कधी?"

"मागच्या पितृपक्षात."

"पितृपक्षात?" (एवढं सगळं ऐकून त्यांना धक्का बसला तो याचाच.) "अगं, पण माझ्या सह्या? माझी मेडिकल?"

"सह्या तुम्ही मी बोट ठेवीन तिथे करता. आणि मेडिकल इन्शुरन्सची आहे असं तुम्हीच म्हणालात. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"मला सांगायचं तरी."

"तुम्हाला सांगितलं असतं तर चारुदत्तांना कळलं असतं."

राजाभाऊ पाणी प्यायले. "आणि हमीदभाई? मी शपथ घेतलीय."

"अर्ज करणार नाही अशी ना? मग ती मोडली कुठे? मरियमबींशी मी मघाशीच बोलले. मार्चपर्यंत तुम्ही चीफ, मग शार्दूल. घरघंटी त्यांची."

"म्हणजे मी आता या सगळ्यात नक्की कोण?"

"यू आर अ डिपेंडंट, बाबा," सृष्टी म्हणाली. "लाइक मी."

"तुमचं एकच काम राहिलंय," मृणालिनी म्हणाली. "तुम्हाला इंग्रजी येतं याचा पुरावा मागितलाय. तुमचं पॉलिटेक्निक बंद पडलं, तिथून इंग्रजीतून शिकल्याचं पत्र मिळायचं नाही. परीक्षा द्यावी लागेल. सृष्टी तयारी करून घेईल."

सृष्टीने ताट बाजूला सारलं आणि लगेच मोबाइलवर सराव परीक्षा उघडली. राजाभाऊ सरळ बसले. इंग्रजीत तरी त्यांना कुणाची भीती नव्हती. रोज पंचवीस ईमेल लिहिणारा माणूस तो.

"ओके, स्पीकिंग टेस्ट," सृष्टी म्हणाली. "डिस्क्राइब अ बिग डिसिजन यू मेड फॉर युअर फॅमिली. यू हॅव वन मिनिट टु थिंक."

मिनिट संपलं. मृणालिनीने ताटं उचलली, ओटा पुसला, उरलेले पेपर तपासायला घेतले.

"नेक्स्ट क्वेश्चन," राजाभाऊ म्हणाले.