पोकलेनचे पाच दात आणि सासऱ्यांचा पाट

पोकलेनच्या बकेटला कुठले दात कधी लावायचे, हे आगुंग डोंगराच्या या अंगाला एकट्या मलाच कळतं. असं लोक म्हणतात. म्हणजे मी म्हणतो आणि लोक ऐकून घेतात! मातीला रुंद दात, दगडाला लांब टोकदार. कडेचे आधी झिजतात, म्हणून ते वेळेवर मधे घ्यायचे. आणि ‘चालतंय अजून’ म्हणत बोथट दात ढकलत राहिलात, तर दात ज्यावर बसतात तो बुंधाच खाल्ला जातो. मग बसा बोंबलत!

तर यंदा दरड कोसळली आणि आमच्या पाटात घराएवढा दगड येऊन बसला. खालची भातरोपं पिवळी पडायला लागली, लावणी अडली. पाटाचे मुखिया म्हणजे आमचे सासरे, लातरा. भर बैठकीत त्यांनी मला विचारलं, “जावईबापू, जमेल का? की नदीपलीकडचं मशीन बोलावू?”

“मामा, परवा दुपारपर्यंत पाणी शेतात नाही आलं तर अर्तवान नाव लावणार नाही!”

माझ्या मशीनचे जुने दात चोखलेल्या आंब्याच्या कोयीसारखे झाले होते, हे मी बैठकीत बोललो नाही. त्याच दुपारी देनपसार शहरात जाऊन पाच नवे, लांब, टोकदार दात निवडून आणले. प्रत्येकाला कानाशी धरून वाजवून बघितलं. दुकानदार वैतागला, पण निवड म्हणजे निवड!

आता नेमका दुसरा दिवस तुम्पेक लांदेपचा, लोखंडाच्या पूजेचा. त्या दिवशी लोखंडाला कामाला जुंपायचं नाही. सुरी, मोटारसायकल, भाताचा कुकर, सगळे नटूनथटून बसतात. मशीन लांब पाटाशी उभं, म्हणून बायको सारियानी म्हणाली, “दात घरीच पुजू. उद्या सकाळी नेऊन बसवा.” तिने काथ्याने घासघासून त्यांचा रंग काढला, पिवळं वस्त्र नेसवलं, अंगणातल्या देवळीत मांडून फुलं वाहिली, आणि आम्ही गावच्या देवळात गेलो.

परत येऊन बघतो तर दारात चपलांचा ढीग! शेजारच्या रेंती आजी देवळीसमोर हात जोडून बसलेल्या, मागे निम्मी आळी.

“पाच सुळे!” आजी थरथरत म्हणाल्या. “काल स्वप्नात आले, आज जमिनीतून वर आले!”

आमच्याकडे खणताना काही जुनंपुराणं निघालं की त्याचं देवस्थान व्हायला वेळ लागत नाही. आणि खणणं तर माझा धंदाच!

“आजी, पोकलेनचे दात आहेत हो! मी काल दुकानातून आणलेत!”

“तू कोण आणणारा? त्यांनी तुला आणायला लावलं!”

“हा बघा, कारखान्याचा नंबर आहे यावर!”

आजींनी वाकून बघितलं आणि किंचाळल्या, “अगं बाई! अक्षरंसुद्धा उमटलीत!”

झालं! मागच्या रांगेने साष्टांग नमस्कार घातला.

“अगं, तू तरी सांग यांना!” मी सारियानीला म्हटलं.

“सांगितलं. त्या म्हणाल्या, तुला काय कळतंय.” मग हळूच पुढे, “पण काय हो, माझी कंबर दुखायची थांबली खरी.”

संध्याकाळपर्यंत दातांवर झालरीची छत्री लागली. सकाळी काशाच्या मोठ्या थाळ्या बडवणारे गाँगवाले येऊन बसले. पाठोपाठ सासरे आले, लालबुंद.

“जावईबापू, दगड?”

“मामा, दात देव झालेत.”

“वेडबीड लागलंय का? आण ते इकडे!” असं म्हणून ते तरातरा आत गेले. गर्दी बघितली. चपला काढल्या आणि मुकाट्याने हात जोडून खाली बसले.

“मामा!”

“गप. सगळे बघतायत,” ते ओठ न हलवता म्हणाले. “दुपारपर्यंत बघतो. नाहीतर पलीकडचं मशीन. रोपं मरतायत रे.”

खरं सांगतो, नावाचं जाऊ दे, पण त्या पिवळ्या रोपांत अख्ख्या गावाचा भात होता. मी हातोडा उचलला. दात बसवायचा म्हणजे पिन ठोकावीच लागते.

“देवाला हातोडा मारतोस?” आजी आडव्या झाल्या. “आधी मला मार!”

शेवटी पुजारीबाबांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकलं, निवांत कॉफी प्यायले आणि विचारलं, “रेंती, स्वप्नात हे काही मागत होते का?”

“मागत नव्हते. पण तोंड उघडं होतं.”

“म्हणजे भूक लागली असणार. काय खात असतील हे?”

सगळे विचारात पडले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “दगड!”

पुजारीबाबांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. “मग जेवायला घेऊन चला,” ते म्हणाले.

निघाली मिरवणूक! पुढे छत्री, मध्ये डोक्यावर दात घेतलेल्या बायका, मागे गाँग. पाटावर पुजारीबाबा पाणी शिंपडणार, गाँग वाजणार, की मी पिन ठोकणार. प्रत्येक ठोक्याला आजी ओरडायच्या, “हळू रे मेल्या, दुखेल त्यांना!”

मशीन सुरू केलं. दात बरोबर दगडाच्या भेगेत घुसले. काय घुसले म्हणता! निवड होती माझी! दगड कुरकुरला, कलला आणि दुभंगला. दोन्ही तुकडे बाजूला सारताच पाणी असं उसळलं की गाँगवाले गाँगसकट भिजले. माणसं पाटात नाचायला लागली, आजींनी लुगडं खोचून पाण्यात फेर धरला. माझे डोळे भरून आले. सासरे हात पसरून माझ्याकडे धावत आले, मीही हात पसरून खाली उतरलो... ते मला वळसा घालून गेले आणि बकेटला कवटाळून रडले!

तेव्हापासून मला कुणी काम देत नाही. देवाला चिखलात कोण घालणार? परवा आमच्याच संडासाचा खड्डा काढायचा होता. मी नुसतं मशीनकडे बघितलं, तर सारियानी कडाडली, “त्या दातांनी? जीभ झडेल तुमची!”

म्हणून सध्या मी फावड्याने खणतोय. शेजारी माझं मशीन छत्रीखाली, फुलांत उभं आहे. येणारेजाणारे थांबून हात जोडतात. काल मीही कमरेवर हात ठेवून जरा ताठ उभा राहिलो.

“अर्तवान,” एकजण म्हणाला, “बाजूला हो ना जरा. दर्शन घेऊ दे!”