घंगाळातला घ

"आंटीजी, कोड बताइए," गेटवरचा गार्ड राजीव तिसऱ्यांदा म्हणाला.

"नहीं बताऊँगी," कुमुदताई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

गुरुग्राममधल्या त्या सोसायटीत पाहुण्याच्या मोबाइलवर सहा आकडी कोड येत असे. तो गार्डला सांगायचा, गार्ड तो आपल्या फोनमध्ये घालणार आणि मग फाटक उघडणार. अपूर्वाने कोड सकाळीच आईला पाठवला होता. पण आलेला कोणताही कोड कोणालाही सांगायचा नाही, हेही अपूर्वानेच गेले आठ महिने आईकडून घोकून घेतलं होतं. कोड गेटवर सांगायचा हा निरोप तोंडी होता आणि कोड न सांगण्याचा नियम लिहून फ्रिजवर चिकटवलेला होता. कुमुदताईंचं अख्खं आयुष्य सरकारी नोकराच्या घरात गेलेलं, त्यामुळे लेखी ते खरं.

आठ महिन्यांपूर्वी कुमुदताईंचे यजमान मुरलीधर गेले. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, निवृत्तीला दोन वर्षं होती. तिसऱ्याच आठवड्यात पेन्शन ऑफिसच्या नावाने कोणाचा तरी फोन आला. तो माणूस फार हळहळला. कुमुदताईंनी त्याला आधार नंबर सांगितला, जन्मतारीख सांगितली, यांना शेवटी काय काय झालं तेही सांगितलं. ओटीपी सांगायच्या आधी कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून त्या उठल्या, एवढ्यावरच निभावलं. तेव्हापासून अपूर्वाने आईची ओळख कुलपात ठेवली होती. आधार लॉक, सिमला पिन, फोनला वेगळा पिन, आणि अनोळखी माणसाशी जेवढ्यास तेवढं. कुमुदताईंनी सगळं पाळलं. त्या कोणाशीच बोलेनाशा झाल्या, पण तशी त्या नियमांत कुठे मनाई नव्हती.

दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर मार्चपर्यंत सोडायचं होतं. आईने कायमचं इकडे यावं असं अपूर्वाला वाटत होतं. "आठ दिवस राहून बघते," कुमुदताई म्हणाल्या होत्या, "नाहीतर पुण्याला तुझी सुमित्रामावशी आहेच." हे आठ दिवस चांगले जावेत म्हणून अपूर्वाने नवी उशीसुद्धा आणली होती.

"अच्छा, नाम तो बताइए," राजीव म्हणाला.

"किसलिए?"

"फ्लॅट नंबर?"

"वो मुझे मालूम है."

"मालूम है तो बताइए ना!"

"मुझे मालूम है, इतना काफी है."

राजीवने फोटो काढायला फोन वर केला, तशी कुमुदताईंनी बडीशेपेचा डबा ठेवलेली पिशवी तोंडापुढे धरली. मागे डिलिव्हरीवाल्यांची रांग लागली. शेवटी राजीवनेच तोड काढली. "आप खुद टाइप कर दीजिए. मैं देखूँगा भी नहीं."

हे कुमुदताईंना पटलं. त्यांनी फोन काढला. पण मागचा एक हेल्मेटवाला उत्सुकतेने पुढे वाकला, आणि दचकून त्यांनी फोन सरळ बंदच करून टाकला. पुन्हा चालू केल्यावर फोनने सिमचा पिन मागितला. पिन 'वाढदिवस सोडून काहीही' असा होता. त्यातलं 'वाढदिवस सोडून' तेवढं त्यांना आठवत होतं. तीन प्रयत्न चुकले. सिम लॉक झालं आणि फोन आठ आकडी, कधी न ऐकलेला नंबर मागत बसला.

मग राजीवच्या फोनवरून मुलीला फोन करायचं ठरलं. नंबर कुमुदताईंना पाठ होता. तळहाताचा आडोसा करून त्यांनी तो स्वतः दाबला.

अपूर्वा मीटिंगमध्ये होती. कालच ऑफिसात ट्रेनिंग झालं होतं: अनोळखी नंबरवरून घरच्या माणसाच्या आवाजात फोन येतो, मी अडकलोय म्हणतात, माझा फोन बंद पडलाय म्हणतात. आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते.

"अपू, मी आई. गेटवर अडकलेय गं. माझा फोन बंद पडलाय."

अगदी कालच्या ट्रेनिंगमधलीच वाक्यं. तरी तिने शांतपणे विचारलं, "शब्द सांग."

हा शब्द मुरलीधरांचा. पेपरात असल्या फसवणुकीबद्दल वाचून त्यांनी दीड वर्षापूर्वी घरासाठी परवलीचा शब्द ठरवला होता. अख्ख्या दिल्लीत कुठल्या चोराला येणार नाही असा अस्सल मराठी शब्द. गोपनीय असल्यामुळे तो कुठेही लिहायचा नव्हता. जेवताना त्यांनी तो एकदाच, तोंडी जाहीर केला होता.

कुमुदताईंनी राजीवकडे पाठ केली आणि कुजबुजल्या, "घंगाळ."

"चूक."

"चूक कशी? घंगाळच. घराचा घ."

"गंगाळ आहे तो," असं अपूर्वाच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण चोराला शब्द कसा सांगायचा? तिने फोन कापला आणि नंबर ब्लॉक केला. मग आईचा फोन लावला. तो बंद. पुन्हा लावला. बंद. म्हणजे आईचा आवाज चोरीला गेला होता आणि आई कुठे होती ते कोणालाच माहीत नव्हतं. तिने बॅग उचलली, कॅब बोलावली आणि वाटेतूनच सोसायटीच्या सिक्युरिटी सुपरवायझरला फोन केला.

"कोई औरत आए और बोले कि मेरी माँ है, तो उसे जाने मत देना. फ्रॉड है. मैं आ रही हूँ."

वीस मिनिटांनी ती पोचली तेव्हा कुमुदताई गार्डच्या केबिनमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. दोन्ही बाजूंना दोन गार्ड. पायाशी पिशव्या.

"पकड़ लिया मॅडम," सुपरवायझर म्हणाला. "बहुत पक्की है. आधे घंटे से पूछ रहे हैं, नाम तक नहीं उगला."

"आई!"

"मला मेट्रो स्टेशनला सोड," कुमुदताई म्हणाल्या. "मी परत जाते. कुणाच्या दारात चोर म्हणून बसायची वेळ नव्हती आली माझ्यावर."

"अगं, तू शब्द चुकीचा सांगितलास!"

"मी? छत्तीस वर्षं तुझ्या बाबांना सांगतेय, घंगाळ म्हणा, घंगाळ. त्यांच्या अमरावतीला काय वाटेल ते म्हणत असतील."

"पण शब्द बाबांनी ठरवला होता ना. ते गंगाळ म्हणाले."

"मी तिथल्या तिथे सुधारला होता."

"त्यांनी मान्य कुठे केला?"

"वेळ मिळाला असता तर केला असता."

अपूर्वाने पाण्याची बाटली पुढे केली. कुमुदताईंनी ती घेतली नाही.

"मॅडम, तो ये आपकी मदर हैं या नहीं?" सुपरवायझरने विचारलं. "आपने ही बोला था छोड़ना नहीं. अब रजिस्टर में कुछ तो लिखना पड़ेगा."

"हैं. मेरी माँ हैं."

"मैंने अभी तक कुछ नहीं बोला है," कुमुदताई म्हणाल्या.

राजीव इतका वेळ दारात उभा होता. त्याच्या मनात वेगळंच काही घोळत होतं. "आंटीजी, एक बात पूछूँ? ये गंगाल होता क्या है?"

"घंगाळ," कुमुदताईंनी दुरुस्त केलं. राजीवने निमूटपणे "घंगाळ" म्हणून दाखवलं, अगदी ळसकट. कुमुदताई खुर्चीत जरा सरळ बसल्या. "पीतल का बड़ा बर्तन. नहाने का पानी रखते हैं उसमें. हमारे घर में था. मेरे मिस्टर दिल्ली आए तब ट्रेन में लेके आए थे. सब हँसे. बोले, बदली हुई है, बारात नहीं."

"अंकलजी साथ नहीं आए?"

अपूर्वा पुढे झाली. हे प्रश्न ती नेहमी अडवत असे. पण कुमुदताई आधीच बोलायला लागल्या होत्या. ते गेले, कोणत्या तारखेला गेले, कोणत्या हॉस्पिटलात, आदल्या दिवशी त्यांनी साबुदाण्याची खिचडी मागितली होती आणि डॉक्टर नको म्हणाले म्हणून दिली नाही. त्यांचं पूर्ण नाव, मंत्रालय, मजला. मग स्वतःचं नाव, माहेरचं नाव, जन्मतारीख, लग्नाची तारीख, क्वार्टरचा नंबर. रांगेतल्या हेल्मेटवाल्यांनी हेल्मेटं काढली होती. एकाने "ओहो" केलं. सुपरवायझरला जेवढं हवं होतं तेवढं त्याने लिहून घेतलं आणि मग नुसताच पेन धरून ऐकत राहिला. अपूर्वाने तोंड उघडलं, पण आईला थांबवलं नाही. खिचडीचं तिला आजच कळत होतं.

बोलणं संपल्यावर कुमुदताईंनी मुलीच्या हातातली बाटली घेतली आणि घटाघटा पाणी प्यायल्या.

"आंटीजी, आख़िरी कॉलम," सुपरवायझर म्हणाला. "कितने दिन रहेंगी? एक दिन, हफ़्ता, या परमानेंट?"

कुमुदताईंनी रजिस्टरकडे पाहिलं, मग राजीवकडे.

"तुम्हारी ड्यूटी रोज यहीं रहती है?"

"जी. सुबह आठ से."

"फिर परमानेंट लिखो."