घरगुती गोडा मसाला, नायमेखन

प्रकाशच्या घरातली गोड्या मसाल्याची बरणी सोमवारी संपली. तशी ती महिन्यापूर्वीच संपली होती. पण आधी चमच्याने कडा खरवडून आणि मग बरणीतच गरम आमटी घालून ती हलवून प्रकाशने तिचा शेवट चार आठवडे लांबवला होता. सोमवारी आमटीला नुसता काचेचा वास आला, तेव्हा त्याला ते कबूल करावं लागलं.

ती बरणी भरणारी सरला, म्हणजे त्याची बायको, चौदा महिन्यांपूर्वी पुण्याला गेली होती. आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं, तेव्हा तीन महिन्यांत येते म्हणून ती गेली. आई वॉकर घेऊन चालल्या, मग काठी घेऊन चालल्या. सरला रोज फोन करून विचारायची, तिकडे सगळं ठीक ना? आणि प्रकाश रोज तेच सांगायचा, "एकदम व्यवस्थित. काळजी करू नकोस. सावकाश ये." हे तो इतकं ठासून सांगायचा की क्षणभर त्यालाही खरं वाटायचं. फोन ठेवला की घर खायला उठायचं. पण आजारी आईपाशी बसलेल्या बायकोला 'आता ये' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? माणसाला काही भीड असते की नाही?

तर मसाला. प्रकाशने इंटरनेटवर शोधलं. सगळ्यात वर गोड्या मसाल्याचे सात आरोग्यदायी फायदे आले. त्याखाली जर्मनीतलं एक दुकान आलं, त्याच्याकडचा मसाला संपला होता. त्याखाली कोणीतरी भलताच मसाला 'हाही आवडेल' म्हणून पुढे केला होता. तेवीस वर्षं हॉलंडमधल्या नायमेखनमध्ये कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत काढलेल्या माणसाला काय आवडेल हे त्या यंत्राला कुठून कळणार म्हणा.

मग त्याला गंधार आठवला. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला राहणाऱ्या या पोराने मराठी मंडळासाठी 'ओळखीतलं' नावाचं अ‍ॅप बनवलं होतं. त्यात काहीही शोधा, न्हावी म्हणा, दातांचा डॉक्टर म्हणा. आपल्या ओळखीच्या लोकांनी ज्याची शिफारस केली असेल ते वर येणार. शिफारस करणाऱ्याच्या ओळखी जितक्या जास्त, तितका त्याच्या शब्दाला भाव जास्त. "म्हणजे आम्ही फोन करून विचारायचो तेच की रे," असं प्रकाश तेव्हा म्हणाला होता, आणि गंधार बिचारा काकांचा मान राखून हसला होता. प्रकाश मंडळाचा सचिव. अ‍ॅपवर त्याच्या ओळखीत दोनशे चाळीस माणसं होती.

त्याने 'गोडा मसाला' लिहिलं आणि लगेच उत्तर आलं: 'घरगुती गोडा मसाला, नायमेखन. तुमच्या ओळखीतल्या सतरा जणांची शिफारस.' झुइडओस्टच्या शर्मिलाने लिहिलं होतं, 'आमटीत घाला आणि गप्प बसा.' वाखनिंगनला अन्नशास्त्रात संशोधन करणाऱ्या मधूने लिहिलं होतं, 'लॅबमध्ये तपासला. कसा जमतो ते विज्ञानाला कळलेलं नाही.' प्रकाश हरखला. आपल्याच गावात अशी सुगरण राहते आणि मंडळाच्या सचिवाला पत्ता नाही! नंबर दिसत नव्हता, नुसतं 'फोन करा' असं बटण होतं. त्याने ते दाबलं, फोन ओट्यावर ठेवला आणि लसूण सोलायला घेतला.

आतल्या खोलीतलं ड्रॉवर वाजायला लागलं.

त्यात सरलाचा इथला फोन होता. पुण्याला ती तिकडचा नंबर वापरायची. हा फोन प्रकाश दर रविवारी नेमाने चार्ज करायचा, बँकेचे मेसेज येतात म्हणून. निदान कारण तरी तेच सांगायचा. त्याने ड्रॉवर उघडलं. फोन थरथरत होता आणि पडद्यावर नाव होतं, 'अहो'. तिने त्याचा नंबर त्या नावाने ठेवलाय, हे त्याला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. फोन वाजून वाजून बंद होईपर्यंत तो लसणीच्या हातांनी तसाच उभा राहिला. मग ओट्यापाशी जाऊन त्याने परत एकदा फोन लावला, आणि धावत ड्रॉवरपाशी आला.

दर दिवाळीला सरला ओळखीत बाटल्या भरभरून मसाला वाटायची. खाल्ल्या मसाल्याला जागून शर्मिलाने तिचा नंबर अ‍ॅपवर टाकला होता, एवढीच भानगड. इथे प्रकाशने अ‍ॅप बंद केलं असतं तर गोष्ट संपली असती. पण अ‍ॅपने विचारलं, 'तुमचा अनुभव कसा होता?' आणि ते हलायलाच तयार होईना. प्रकाशने 'बरा आहे' लिहिलं. तीस वर्षांच्या संसारात सरलाच्या स्वयंपाकाला त्याने याहून मोठी पदवी दिली नव्हती. अ‍ॅप म्हणालं, किमान दहा शब्द लिहा. तेव्हा नाइलाजाने त्याने लिहिलं, 'तीस वर्षांचा अनुभव. सरलाच्या हाताची सर जगात कशालाच नाही. ती नसली की जेवणात राम नाही, घरातही नाही.' पाठवल्यावर त्याचेच कान गरम झाले.

दोनशे चाळीस ओळखींच्या माणसाचा शब्द तो. बुधवारपर्यंत हॉलंडमधल्या कुठल्याही मराठी माणसाने काहीही शोधलं, जिरं शोधलं, डबा शोधला, तरी सगळ्यात वर सरलाचा मसाला यायला लागला. ड्रॉवर टुणटुण वाजू लागलं. सरलाताई, आलात वाटतं. अर्धा किलो ठेवा. ताई, किती बरं वाटलं, पाव किलो. रविवारी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, मसाला तिथेच आणा, असं सगळ्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं.

प्रकाशने खरं काय ते कळवायला हवं होतं. पण सरला परत आली असं इतकी माणसं आनंदाने म्हणत होती, आणि ते वाचायला त्याला फार बरं वाटत होतं. म्हणून त्याने पहिल्या मेसेजला नुसतं 'होईल' असं उत्तर दिलं. मग दुसऱ्याला. गुरुवारी 'होईल' एकोणीस झाले, आणि वजन झालं सात किलो.

आता करायचा कसा? सरलाला विचारावं तर ती विचारणार, तुम्हाला कशाला हवाय? त्यापेक्षा त्याने तिच्या फोनवरून एकोणीसही जणांना लिहिलं, 'हा मसाला कसा करतात, आठवतंय का?' ताई परीक्षा घेताहेत असं समजून सगळ्यांनी भराभर उत्तरं पाठवली. तीळ कोणाला आठवले, नागकेशर कोणाला. खोबरं बदामी झालं की थांबायचं, हे शर्मिलाला पाठ होतं. दगडफूल सगळ्यात शेवटी, तेही गॅस बंद करून, हे मधूने टिपून ठेवलं होतं. चौदा जणांचं ज्यावर एकमत झालं ते प्रकाशने वर घेतलं, एकट्यादुकट्याचं खाली ढकललं. गंधारची पद्धत शेवटी कामाला आली.

शुक्रवारी रजा टाकून त्याने कढई चढवली. जानेवारीतली थंडी, खिडक्या बंद. पहिल्या घाण्याचं खोबरं जळलं आणि छतावरचा धुराचा अलार्म ठणाणा करायला लागला. प्रकाश स्टुलावर चढून टॉवेलने अलार्मला वारा घालत असताना खालच्या मजल्यावरच्या यानेकाबाई खोकत वर आल्या. आता या तक्रार करणार म्हणून प्रकाशने डचमध्ये माफीची जुळवाजुळव केली. बाईंनी आत डोकावून नुसतं विचारलं, "सरला आली का?" त्यांच्या हातात रिकामी बाटली होती. उकडलेल्या बटाट्यांवर घालायला त्यांनाही हवा होता.

"नाही," प्रकाश म्हणाला. आठवडाभरात त्याने कोणाला खरं सांगितलं ते एवढंच.

तिसरा घाणा उतरला आणि घरात तो वास पसरला. दिवाळीच्या आधी कामावरून आल्यावर जिन्यातच यायचा, तोच. प्रकाश कढईपाशी फरशीवरच बसला. त्याला सरलाची फार म्हणजे फार आठवण आली.

शनिवारी दुपारपर्यंत बरण्या भरून झाल्या. उद्या सगळ्यांसमोर काय तोंड दाखवायचं? आजच्या फोनवर सरलाला सगळं सांगून टाकायचं, आणि त्यातच जमलं तर 'ये' म्हणायचं, असं त्याने पक्कं ठरवलं. फोन आला. तिने विचारलं, सगळं ठीक ना? "एकदम व्यवस्थित," प्रकाश म्हणाला, आणि फोन ठेवून स्वतःला दोन शिव्या घातल्या.

पाचच मिनिटांत ड्रॉवर वाजलं. भारतातला कुठलासा नंबर होता.

'पाव किलो गोडा मसाला हवा.'

आता भारतातूनही! प्रकाशने कपाळाला हात लावला आणि सवयीने लिहिलं, 'होईल.'

'खोबरं बदामी भाजलंय की जाळलंय?'

'बदामी,' त्याने जरा दुखावल्यासारखंच लिहिलं.

'आणि अहो, माझ्या फोनवरून लोकांना होईल होईल काय लिहिताय?'

प्रकाशने तो नंबर आता नीट पाहिला. सरलाचा पुण्याचा नंबर होता. पुढचा मेसेज लांबलचक होता. 'न कळवता कशी आलीस, आणि नुसतं होईल काय लिहितेस, म्हणून शर्मिला माझ्या इथल्या नंबरवर फोन करून भांडत होती. म्हणून अ‍ॅपवर बघितलं, तर सगळ्यात वर तुमचीच शिफारस. सकाळपासून चार वेळा वाचली. आईला पण वाचून दाखवली. ती चार महिन्यांपासून एकटी बागेत फिरायला जाते. ती रोज म्हणते, तू जा आता. पण तुम्ही रोज एकदम व्यवस्थित असता, मग मी कोणासाठी येऊ? गुरुवारचं तिकीट मिळतंय. काढू का?'

प्रकाशने डोळे पुसले. हाताला मसाला लागलेला होता, त्यामुळे ते आणखी झोंबले. तशातच त्याने लिहिलं, 'हो. सावकाश ये.'

मग पाठवायच्या आधी त्यातला 'सावकाश' पुसला.