आलाच आहात तर

एका जंगलात, मुलांनो, सगळ्या जनावरांची तब्येत ठणठणीत होती. म्हणून तर ही गोष्ट सुरू झाली.

त्या जंगलात एक तरस राहायचा. मेलेल्या जनावरांवर त्याचं पोट चालायचं. धंदा बरा होता, पण त्यात एक मोठी अडचण होती. जनावर एकदाच मरतं. आजारी मात्र पुन्हा पुन्हा पडू शकतं. हे ध्यानात आलं त्या दिवशी तरसाने अंग चाटून स्वच्छ केलं आणि मोठ्या गुहेवर पाटी लावली: ‘रानसुख मल्टीस्पेशालिटी हॉस्पिटल’. त्याचा चेहरा मुळातच हसरा असल्याने वेगळा रिसेप्शनिस्ट ठेवावा लागला नाही.

डॉक्टर मात्र त्याने निवडून आणले. हाडांना सुतारपक्षी. तो ठोकून बघायचा. सोनोग्राफीला वटवाघूळ. रक्त तपासायला जळू होती. ती जरा जास्तच तपासायची. फी मधाच्या पोळ्यांत घेतली जायची, आणि बरं वाटलं नाही तरी पोळं परत मिळत नसे.

पण येणार कोण? सगळेच ठणठणीत. डॉक्टर माश्या मारत बसले.

शेवटी एक पेशंट आला. केरबा नावाचं साळिंदर. फणसाच्या आठळ्या जास्त झाल्या आणि पोट फुगलं. एरवी तो बिळात पालथा पडून राहिला असता आणि दुसऱ्या दिवशी उठला असता. पण गुहा वाटेतच होती आणि खाट मऊ दिसत होती. तरसाने त्याला ‘देखरेखीखाली’ ठेवून घेतलं.

आता या जंगलाची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. कोणी आजारी पडलं की त्याला भेटायला जायचंच. फळं घेऊन जायचं. नाही गेलं तर ती गोष्ट आजारी जनावर विसरत नसे, आणि त्याच्या घरचे तर लग्नकार्यात चारचौघांत काढत.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी गुहेपुढे रांग लागली. सगळ्यांत पुढे अस्वलवहिनी होत्या.

“अगंबाई केरबा भावजी, किती उतरलात हो!” त्या म्हणाल्या.

केरबा काही उतरलेला नव्हता, उलट फुगलेला होता. पण कोणी इतक्या मायेने म्हटलं की जनावराला तसं वाटू लागतं. तो कण्हला.

“तुमचंही तोंड सुकलंय, वहिनी,” मागून रानडुक्कर म्हणाला. भेटायला आल्यावर काहीतरी बोलावं लागतं, म्हणून तो बोलला इतकंच.

दारात उभा असलेला तरस हे ऐकत होता. तो पुढे झाला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “वहिनी, आलाच आहात तर तपासून घ्या ना.”

मुलांनो, या शब्दांनी जंगलाचं नशीब फिरवलं. अस्वलवहिनी तपासून घ्यायला गेल्या त्या संध्याकाळपर्यंत केरबाच्या शेजारच्या खाटेवर आल्या. मग वहिनींना भेटायला त्यांचं माहेर आलं. माहेर आलंच होतं, तर तेही तपासलं. माहेराला भेटायला भेकरं आली, भेकरांना भेटायला ससे आले. गुहा पुरेना. नदीकाठी शाखा निघाली. मग टेकडीवर. मग दलदलीत, तिथे हवा वाईट असल्याने पेशंट टिकून राहत. एका शाखेतले पेशंट दुसऱ्या शाखेतल्या पेशंटांना भेटायला जात आणि तिथेच राहून जात. सोयरीक जुळवतानाही विचारू लागले, “मुलगा कुठल्या शाखेत असतो?”

या सगळ्यात एकच प्राणी रोज येऊनही दाखल झाला नव्हता. केरबाची बायको, हौसा. तिचे दिवस भरत आले होते. बीळ अजून आतून खणायचं राहिलं होतं, आणि पिल्लं होतील तेव्हा नवरा जवळ हवा, एवढीच तिची इच्छा होती.

“हौसाबाई, आलाच आहात तर,” तरस रोज म्हणायचा.

“आलेली नाही. न्यायला आलेय,” हौसा रोज म्हणायची.

आणि केरबा म्हणायचा, “अगं, निघालो असतो. पण वटवाघूळ म्हणतंय, पोटात कसलातरी आवाज येतो.”

“अहो, भूक लागली असेल! इथलं पेजेचं पाणी पिऊन दुसरं काय होणार?”

“असेल. पण वहिनी मला भेटायला आल्या आणि इथेच पडल्या. त्यांना सोडून मी कसा निघू? लोक काय म्हणतील?”

हौसा घरी गेली आणि खूप रडली. रडून झाल्यावर मात्र तिला एक गोष्ट सुचली. तिने बिळाच्या दारात अंग टाकलं, साळुंकीला हाक मारली आणि म्हणाली, “सांग सगळ्यांना. हौसाने अंथरूण धरलंय.”

साळुंकीला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

सगळ्या शाखांत हलकल्लोळ झाला. हौसा रोज भेटायला यायची, आणि आता आपण गेलो नाही तर? पेशंट ताडकन उठले. सलाइनच्या वेली उपटल्या. अस्वलवहिनींनी पायाचं प्लास्टर दगडावर आपटून फोडलं. उशाशी ठेवलेली फळं उचलून सगळे धावत सुटले. ओढा ओलांडला, चढण चढले, आणि सर्वांत पुढे केरबा होता.

हौसा उठून बसली आणि पोट धरून हसली.

“मला काही झालेलं नाही. आणि तुम्हालाही! चढण चढून आलात ना धावत? अहो, घरी चला आता.”

सशांनी एकमेकांकडे पाहिलं. “खरंच की,” रानडुक्कर हळूच म्हणाला. केरबाने बायकोच्या अंगावरून पंजा फिरवला.

इथे गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण फळं आणली होती, बसायला जागा होती, आणि काहीतरी बोलावं लागतं.

“तरी पण हौसा,” अस्वलवहिनी म्हणाल्या, “किती उतरलीस गं!”

“केरबाला धाप लागलीय,” एक भेकर म्हणालं.

“हो की,” केरबा म्हणाला. त्याने छातीवर पंजा ठेवला. “धडधडतंय.”

धावत चढण चढलं की धडधडतंच. पण तेवढ्यात केळ्यांचा फणा घेऊन तरस आला. रीत त्यालाही माहीत होती. त्याने हौसाची विचारपूस केली, केळी ठेवली, अंगणभर पसरलेल्या गर्दीवरून नजर फिरवली आणि अगदी मायेने म्हणाला, “सगळे आलाच आहात तर…”

संध्याकाळपर्यंत बिळावर पाटी लागली. बीळ आतून खणायचं राहिलं होतं, तेही हॉस्पिटलने खणून घेतलं. खाटा बसेनात ना! आतल्या दालनात, हृदयविभागात, केरबाला ठेवलं.

हौसाची पिल्लं शेवटी बाहेर करवंदीच्या जाळीत झाली. गोंडस होती. काटे अजून मऊ होते. दोघांना पुढे घालून ती आपल्याच घराच्या दाराशी गेली.

दारात जळू बसली होती.

“भेटायची वेळ चार ते सहा,” ती म्हणाली. “आणि लहान मुलांना आत सोडत नाही.”

“अहो, त्यांचा बाप आहे तो,” हौसा म्हणाली. “त्याने अजून पाहिलंही नाही यांना.”

“मग काय होतंय मुलांना?” जळूने विचारलं.

“काही नाही. ठणठणीत आहेत.”

“मग थांबा बाहेर,” जळू म्हणाली.

तात्पर्य: मुलांनो, उत्तम तब्येत हा माणूसघाणेपणा आहे. आपल्या माणसांत राहायचं असेल, तर प्रत्येकाला थोडंफार काहीतरी होत असलं पाहिजे.