सहा बोटांची मावशी

निकान्द्रोच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला साठ माणसं जेवली आणि साठच्या साठ रिकाम्या हातांनी घरी गेली. मेक्सिकोतल्या पुएब्लात असं आजवर झालं नव्हतं. तिथे जेवण आटोपलं की पाहुणे "कशाला, कशाला" म्हणत पिशवीतून क्रीमचा रिकामा डबा काढतात, उरलेलं भरून नेतात, आणि स्वयंपाक कसा झाला हे डब्यांवरून ठरतं. सासूबाई एउलालिया यांनी दोन दिवस मिरच्या भाजून, वाटून टर्कीचं मोले, म्हणजे दाट रस्सा, रांधलं होतं. एकही डबा निघाला नाही.

"खारट झालं होतं का गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"नाही आई. झकास झालं होतं."

"मग ओतिलिया तशीच कशी गेली? तुझे बाबा गेले तेव्हा नवव्या दिवसाच्या जेवणालासुद्धा बहीण माझी चार डबे घेऊन गेली होती."

अरासेलीने नवऱ्याकडे पाहिलं. निकान्द्रो छताकडे पाहत होता.

निकान्द्रो दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि संध्याकाळी एका एआय अ‍ॅपवर आपल्याच लोकांची थट्टा करणारे छोटे व्हिडिओ बनवायचा. काम सोपं नव्हतं. मेक्सिकन स्वयंपाकघर मागितलं की ते अ‍ॅप शेगडीशेजारी निवडुंग उभा करायचं. सोम्ब्रेरो, ती रुंद काठाची टोपी, नको म्हटलं की दोन द्यायचं. तीन आठवड्यांपूर्वी अकराव्या खेपेला मात्र एक मावशी फक्कड जमली: केसांत रोलर, अंगावर एप्रन, केक कापायच्या आधीच पर्समधून डबे काढणारी. तिच्या उजव्या हाताला सहा बोटं आली होती. जास्त डबे मावतात म्हणून निकान्द्रोने ती तशीच ठेवली. व्हिडिओ चार लाख लोकांनी पाहिला. पाहणाऱ्यांत सगळे नातेवाईकही होते, आणि प्रत्येकीला ती मावशी आपणच वाटली.

ओतिलियामावशीने तर फोनच केला होता. "सहा बोटं दाखवलीस माझी."

"मावशी, ते यंत्राने केलं. तुमचा फोटोसुद्धा दिला नव्हता मी."

"रोलर माझेच आहेत."

आता अरासेलीने तो व्हिडिओ आईला दाखवला. एउलालियाबाईंनी तो दोनदा पाहिला.

"छान आहे, जावईबापू. मी उद्या चारच्या बसने अत्लिस्कोला घरी जाते. नाताळात माझी वाट पाहू नका."

"आई आली नाही तर नाताळचे तामालेस तू वाफवायचे, मक्याचं पीठ मळण्यापासून," अरासेली म्हणाली. "नाहीतर सांग तुझ्या यंत्राला."

दुसऱ्या दिवशी सकाळी निकान्द्रोने चौदा डबे मोलेने भरले आणि घरोघरी निघाला. पहिलं दार ओतिलियामावशीचं. तिने डबा उघडला, बोट बुडवून चाखलं, आणि चेहरा सैल पडला.

"तीळ घालताना एउलालियाचा हात आखडत नाही. थांब जरा."

ती आत गेली, डबा रिकामा केला आणि त्यात दुधातला गोड भात भरून परत आली.

"मावशी, हे कशाला?"

"मग काय, डबा रिकामा परत देऊ? लोक व्हिडिओ करतात."

निकान्द्रोच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. पुढच्या घरी डब्यात लाल भात आला, त्याच्या पुढे निवडुंगाची भाजी. बाळाच्या धर्मपित्याने शेंगांचा रस्सा दिला आणि डब्यात मावला नाही म्हणून उरलेला पातेल्यात दिला. "पातेलं सावकाश आण, घाई नाही," तो म्हणाला. एका आत्याने नेलेला डबा भरून दिलाच, वर त्याला लाजवेल असे आपले पाच डबे दिले. साडेतीनला निकान्द्रो हनुवटीने डब्यांचा मनोरा सावरत घरी पोचला. नेलेले डबे चौदा होते, आणलेले एकोणीस. शिवाय पातेलं.

एउलालियाबाई पिशवी भरून दाराशी उभ्या होत्या.

"माझं किती परत आलं?"

"थेंबसुद्धा नाही. पुढच्या वेळी डबे घेऊन येतो म्हणाले सगळे."

एउलालियाबाईंनी एकेक झाकण उघडून पाहिलं. ओतिलियाचा भात चाखला. "दालचिनी कमी," त्या समाधानाने म्हणाल्या आणि पिशवी खाली ठेवली. "हे सगळं संपवणं तुम्हा दोघांच्याने व्हायचं नाही."

"आणि बस?" अरासेलीने विचारलं.

"बस रोजच असते." मग त्यांनी जावयाच्या हातांकडे पाहिलं. "नवा व्हिडिओ करा, जावईबापू. यात जावई घ्या, आणि त्याला दोन्ही हातांना सहा-सहा बोटं द्या. पातेलं आणि ते पाच डबे उद्या भरून परत न्यायचेत."