अठरावी खुर्ची

घरात बसायला जागा नव्हती. तशा दिवाणखान्यात सात खुर्च्या, दोन कोच आणि एक झुलती आरामखुर्ची होती. पण त्या सगळ्या पुरातन असल्यामुळे त्यांच्यावर बसणे हा गुन्हा होता. हा कायदा सूनबाईने केला होता, आणि अंमलबजावणीही तिच्याकडेच होती.

सूनबाईला जुन्या वस्तूंचे वेड होते. तिने आणलेल्या आरशात तोंड दिसत नसे, समईत तेल राहत नसे आणि कपाट उघडले की बंद होत नसे. घड्याळ चार वीसला थांबलेले होते. ते दुरुस्त करू म्हणणाऱ्या नवऱ्याला तिने दोन दिवस माहेरी जाऊन उत्तर दिले होते. पाहुणे आले की त्यांना उभ्यानेच चहा मिळे आणि कपाला कान नसे.

तिचे सासरे जन्मभर सुतारकाम केलेले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मागच्या पडवीत त्यांची स्वतःची एक खुर्ची होती. एकतीस वर्षांपूर्वी खोक्यांच्या फळ्यांतून त्यांनी ती आपल्या पाठीच्या मापाने केली होती. कंबर धरली की जगात त्यांना तेवढ्या एकाच जागी बरे वाटे. पडवीची जमीन एका अंगाला चढलेली, म्हणून खुर्चीचा डावा मागचा पाय अर्धे बोट आखूड ठेवला होता. सूनबाई तिला ‘ते लाकूड’ म्हणत असे.

एके दिवशी पुरातन गृहसज्जा नोंदणी कार्यालयाचे निरीक्षक दिवाणखान्याची नोंद करायला आले. भिंग लावून त्यांनी सातही खुर्च्या हुंगल्या आणि गंभीरपणे म्हणाले, “गेल्या वर्षीच्या आहेत.”

“सगळ्या?” सूनबाईने भिंत धरली.

“आरामखुर्ची दोन वर्षांपूर्वीची असेल. हात कुठे धुऊ?”

हात धुवायला ते पडवीत गेले आणि तिथून एकदम ओरडले, “उठा! आधी उठा!”

मिस्त्रींना वाटले, अंगावर पाल पडली. ते धडपडत उठले.

“किती वर्षं बसताय हिच्यावर?”

“एकतीस.”

“आणि कुणी अडवलं नाही?” निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आले. “हा डाव्या पायाचा दरबारी कल बघा. राजा डावीकडे झुकून प्रधानाचं ऐकत असे. आणि हा जळका डाग! लढाईतला जाळ.”

“सरसाचं गरम भांडं ठेवलं होतं मी,” मिस्त्री म्हणाले. “साहेब, खुर्ची मी केलीय.”

निरीक्षक सूनबाईकडे वळून हळूच म्हणाले, “वयानं होतं असं. एखाद्या वस्तूबरोबर फार वर्षं काढली की ती आपणच केली असं वाटायला लागतं. औषध चालू आहे ना?”

त्यांनी खुर्ची उलटी केली. खाली पेन्सिलीने ‘१८’ लिहिलेले होते.

“बैठकीची उंची आहे ती,” मिस्त्री म्हणाले. “अठरा इंच. कामाला लागलो की मी आधी माप लिहितो.”

“अठरावी,” निरीक्षकांनी लिहून घेतले. “म्हणजे संच किमान अठराचा.” मग मान वर करून त्यांनी थंडपणे विचारले, “बाकीच्या सतरा कुठे लपवल्यात?”

आठव्या दिवशी नोटीस आली. उपरोक्त कुटुंबाने सतरा दरबारी खुर्च्या दडवल्याचे निदर्शनास आले असून त्या नव्वद दिवसांत सादर कराव्यात, अन्यथा घराला सील ठोकण्यात येईल. अठरावी खुर्ची कार्यालयाने मखमलीत गुंडाळून आधीच नेली होती. मिस्त्री उलट्या बादलीवर बसून दिवस काढत होते आणि उठताना दोन माणसे लागत होती.

सूनबाई त्यांच्यासमोर उकिडवी बसली. “बाबा, कराल ना हो?”

“काय करू?”

“सतरा.”

“अगं, कालपर्यंत त्या खुर्चीला लाकूड म्हणत होतीस.”

“तेव्हा मला दृष्टी नव्हती, बाबा.”

मिस्त्रींनी कमरेवर हात दाबला. “करतो. पण माझी मला परत पाहिजे. मरेपर्यंत मला बसायला तेवढीच हवी.”

“संच पुरा झाला की तुमची तुम्हाला. माझा शब्द!”

आणि मिस्त्री कामाला लागले. त्यांनी बाजारातली सगळी खोकी घरी आणली. रंधा असा फिरायला लागला की भुश्शात सूनबाईचा नवरा दोनदा हरवला. प्रत्येक खुर्चीचा एक पाय अर्धे बोट आखूड करायचा, प्रत्येकीवर सरसाचे भांडे ठेवून डाग पाडायचा आणि खाली आकडा घालायचा. कंबर बोंबलत होती, पण हात ऐकत नव्हते. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी सतरावी खुर्ची पुरी झाली.

निरीक्षकांनी पहिल्याच खुर्चीवर बोट टेकवले. ते चिकटले.

“तीनशे वर्षं!” बोट सोडवत ते गदगदून म्हणाले. “आणि पॉलिश अजून ओलं! आज होतील का अशी कामं?”

“कालच झालंय ते,” मिस्त्री म्हणाले.

“औषध वाढवा,” निरीक्षकांनी सूनबाईला सांगितले.

संचाची नोंद झाली. दिवाणखान्याचे संग्रहालय झाले. अठरा खुर्च्या दोरीच्या आत मांडल्या आणि पाटी लागली : ‘कारागीर : अज्ञात.’ मिस्त्री आपल्या खुर्चीपाशी गेले, तर निरीक्षक आडवे आले.

“तुम्ही हिच्यावर बसलात की ती वापरातली होते. वापरातली झाली की संच सतराचा होतो. सतराचा संच नियमात नाही.”

“सूनबाई, तुझा शब्द?”

“बाबा, आता ती आपली कुठे राहिली? ती आता सगळ्यांची आहे,” सूनबाई म्हणाली. तिचेही डोळे भरून आले होते, पण तिची नजर खुर्चीवरच होती.

“बरं. मग मी एकोणिसावी करतो, पडवीत.”

निरीक्षक पांढरेफटक पडले. “खबरदार! एकोणिसावी निघाली तर अठराचा संच खोटा. संच खोटा तर नोंद खोटी. नोंद खोटी तर मी कोण?”

त्याच दिवशी रंधा, करवत आणि पटाशी जप्त झाली. मिस्त्रींच्या कानावरची पेन्सिल निरीक्षकांनी हातमोजे घालून उचलली. सगळे काचेच्या पेटीत मांडले गेले : ‘अज्ञात कारागिराची हत्यारे.’

घरचा माणूस असा बिनकामाचा झालेला पाहून सूनबाईने खटपट केली आणि मिस्त्रींना तिथेच पहारेकऱ्याची नोकरी मिळवून दिली. काम सोपे होते. खुर्च्यांवर कुणाला बसू द्यायचे नाही आणि आलेल्यांपुढे अभिप्रायाची वही धरायची. पहारेकऱ्याने मात्र उभे राहायचे, असा नियम होता.

हे संग्रहालय तुम्हीही पाहिलेत. दोरीपलीकडे वाकून तुम्ही खुर्च्यांची कारागिरी न्याहाळलीत, हळहळलात आणि वहीत लिहिलेत, ‘असे हात आता राहिले नाहीत.’ ती वही एका म्हाताऱ्याने एका हाताने तुमच्यापुढे धरली होती. दुसरा हात त्याच्या कमरेवर होता. त्यालाच तर तुम्ही म्हणालात, “आजोबा, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय.”